यंत्र आपलं, किल्ली कुणाची?

संस्थेचं ऑफिस मुंबईत असो, नाही तर तालुक्याच्या एसटी स्टँडमागच्या दोन खोल्यांत, लॅपटॉप बंद पडला की जे घडतं ते सगळीकडे सारखंच असतं. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा घरघरला आणि पडदा काळाच राहिला. किंवा पडद्यावर ठिपक्यांचं रिंगण फिरत राहिलं आणि पुढे काही येईना. दहा मिनिटं सगळ्याजणी आळीपाळीने बटण दाबून बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "शेजारच्या काकूंच्या मुलाला बोलवा, तो कॉम्प्युटरचं शिकलाय." तो नसला तर लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात जातो, सोबत चिठ्ठीवर पासवर्ड लिहून. ज्या कार्यकर्त्या पोलीस स्टेशनात ठिय्या देऊन तक्रार नोंदवून घेतात, रेशन दुकानदाराचं रजिस्टर त्याच्यासमोर उघडून तपासतात, त्याच आठ-दहा स्क्रूंच्या एका डब्यापुढे मुकाट बसतात. याबद्दल आपण आपसांत एकदा भांडायला हवं, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

त्या डब्यात काय आहे?

दुकानात आपण नेमकं काय देऊन येतो? वस्तू म्हणून पाहिलं तर सात-आठ वर्षांचा, कडा उडालेला, कुणा कंपनीने देणगी दिलेला लॅपटॉप. पण सल्ला केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे की त्याच्या आत काय असतं. नवऱ्याने चटके दिलेल्या हाताचे फोटो. माहेरचा गुप्त पत्ता. निवारागृहात कोण राहते त्याची यादी. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली तयार केलेले घटना अहवाल. एखाद्या अल्पवयीन मुलीचा जबाब, शाळेच्या नावासकट. बाईने हे सगळं आपल्याला सांगितलं ते दार लावून, आवाज खाली करून. ते आपण दुकानदाराच्या टेबलावर ठेवतो आणि "कधी मिळेल?" एवढंच विचारतो.

बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंडविधानाचं २२८-अ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ७२ वं कलम आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकांसाठी पॉक्सो कायद्याचं २३ वं कलम आहे. एखाद्या वर्तमानपत्राने नाव छापलं की आपण लगेच निषेधाचं पत्रक काढतो. मग तेच नाव, फोटोसकट, अनोळखी माणसाच्या हातात चार दिवस राहतं तेव्हा आपण गप्प का?

"आमचा दुकानदार चांगला आहे" हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. असेलही. बहुतेक दुरुस्तीवाले कष्टाळू, अल्प कमाईत चोख काम करणारे असतात आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण "आमचे हे चांगले आहेत" या वाक्यावर आपण कुठलीच सुरक्षितता कधी उभी केली नाही. घरातल्या पुरुषाच्या चांगुलपणावर बाईचं आयुष्य अवलंबून नसावं, हेच तर आपण इतकी वर्षं मांडत आलो. इथे नियम वेगळा का असावा?

आणि अनुभव काय सांगतो? हाँगकाँगमध्ये एका नटाने आपला लॅपटॉप दुरुस्तीला दिला. दुकानातल्या तंत्रज्ञाने त्यातले खाजगी फोटो उतरवून घेतले आणि २००८ च्या सुरुवातीला ते जगभर पसरले. तंत्रज्ञाला २००९ मध्ये साडेआठ महिन्यांची शिक्षा झाली. पण लोकांनी धारेवर धरलं ते फोटोतल्या बायकांना. त्यांच्यातल्या एका अभिनेत्रीला पत्रकारांसमोर येऊन माफी मागावी लागली. चोरी कुणाची आणि माफी कुणाची? दुसरं उदाहरण कॅनडातलं. तिथल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी ऑन्टारियो प्रांतातल्या दुकानांत किरकोळ बिघाड मुद्दाम केलेले लॅपटॉप दुरुस्तीला दिले. आत कोण काय उघडतं याची नोंद गुपचूप होत होती. सहा ठिकाणी तंत्रज्ञांनी दुरुस्तीशी काही संबंध नसलेल्या खाजगी फाइली उघडल्या, दोन ठिकाणी उतरवूनही घेतल्या. आणि जे लॅपटॉप बाईचे म्हणून दिले होते त्यांत ही डोकावणी जास्त झाली. आवाज येत नाही एवढीच तक्रार होती, तिच्यासाठी फोटो उघडायचं कारण काय? आपल्याकडे असा प्रयोग करायचा तर फार लांब जावं लागेल असं मला वाटत नाही.

यंत्र पुरुषांचं कधी झालं?

"हे आपलं काम नव्हे" ही भावना बाई जन्माला येताना घेऊन येत नाही. मिक्सरचं भांडं खोलून रबर बदलणारी, शिलाई मशीनचा पट्टा चढवणारी, कुकरची शिट्टी सुईने साफ करणारी बाई यंत्र हाताळतच असते. फक्त त्याला कुणी "तांत्रिक ज्ञान" म्हणत नाही. ज्याला पैसा आणि प्रतिष्ठा मिळते ते तंत्र पुरुषाचं, जे फुकट चालतं ते बाईचं गृहकृत्य, ही श्रमविभागणी आपल्या ओळखीची आहे.

संगणकाच्या बाबतीत तर इतिहासच उलटा आहे. अमेरिकेत १९४६ साली एनियाक हा अवाढव्य संगणक जगापुढे आला. जवळपास अठरा हजार निर्वात नळ्या होत्या त्यात. तो चालवण्याची आज्ञावली बसवली सहा तरुणींनी. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास, रूथ लिक्टरमन अशी त्यांची नावं. हजारो नळ्यांतली नेमकी कुठली गेली हे हुडकून काढण्यातही त्या तरबेज झाल्या होत्या. म्हणजे "मशीन सुरू होत नाही" हा प्रश्न पहिल्यांदा सोडवणाऱ्यांत बायका होत्या! पण प्रात्यक्षिकानंतरच्या मेजवानीला त्यांना बोलावलं नाही, आणि पुढे कित्येक वर्षं छायाचित्रांतल्या या बायका नुसत्या शोभेला उभ्या केल्या असाव्यात असं समजलं जात राहिलं.

आज ही यंत्रं जोडणारे हातही मोठ्या प्रमाणावर बायकांचेच आहेत. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरच्या मोबाइल कारखान्यातल्या मुली २०२१ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर उतरल्या, कारण वसतिगृहाच्या जेवणातून शंभराहून अधिक जणींना विषबाधा झाली होती. अशा कारखान्यांत हजारो सुटे भाग बसवायला मुलींची बोटं चालतात. तोच भाग दोन स्क्रू काढून पुन्हा बसवायचा म्हटलं की "मुलींना जमणार नाही"?

आणि आपल्या चळवळीने हे एकदा करून दाखवलेलं आहे. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्याच्या कामातून दलित आणि आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरायचं बाईने, पंप बिघडला की वणवण करायची बाईने, आणि दुरुस्त करणार मात्र सरकारी मिस्त्री, त्याला सवड होईल तेव्हा. त्या बायकांनी पाना हातात घेतला आणि गावकीचे संबंध हलले. ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटतं असं गाव म्हणायचं, त्यांनीच गावाचा पंप उघडला. लॅपटॉप हा आपल्या ऑफिसातला हातपंप आहे.

"सुरू होत नाही" म्हणजे नेमकं काय?

न समजणारी गोष्ट अंगावर येते. म्हणून आधी ती समजून घेऊ. बटण दाबल्यावर लॅपटॉप काही ठराविक पायऱ्या चढतो. वीज येते. मग यंत्र स्वतःची तपासणी करतं, म्हणजे रॅम आहे का, पडदा आहे का वगैरे. मग ते डिस्क शोधतं. डिस्कवरून विंडोज किंवा दुसरी प्रणाली उचलली जाते. शेवटी आपलं नाव आणि पासवर्ड मागितला जातो. तो कुठल्या पायरीवर अडला हे ओळखलं की अर्धं काम झालं. आपण बाईची केस ऐकताना हेच करतो ना? "सगळंच बिघडलंय" असं ती म्हणते, आपण विचारतो, "केव्हापासून? कशावरून सुरू झालं?"

दिवाच लागत नसेल तर चार्जर आणि सॉकेट बघायचं, त्याच प्रकारचा दुसरा चार्जर लावून बघायचा. चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. आत साचलेला उरलासुरला भार निघून जातो आणि कित्येक यंत्रं एवढ्यानेच जागी होतात.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, किंवा ठराविक बीप ऐकू येतात, तेव्हा संशय रॅमवर. चार्जर काढायचा, मागचं झाकण उघडायचं, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवायची, हात एखाद्या धातूला लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलकेच फिरवायचं, भुगा झटकायचा आणि पट्टी घट्ट बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघायची. अंधारात पडद्यावर टॉर्च तिरका मारला आणि पुसट अक्षरं दिसली, तर यंत्र चालू आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. बाहेरचा मॉनिटर जोडून काम चालू ठेवता येतं.

तारीख-वेळ दरवेळी मागे जात असेल तर आतला छोटा सेल संपला आहे. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये तो सीआर २०३२ हा नाण्याएवढा, घड्याळाच्या दुकानात मिळणारा सेल असतो. काहींत त्याला वायर जोडलेली असते. एवढ्याशा सेलपायी यंत्र आपल्या मांडणीच्या नोंदी विसरतं आणि डिस्कही ओळखेनासं होतं. त्यावर "मदरबोर्ड गेला" असं ऐकून नवा लॅपटॉप घेतलेल्या संस्था माझ्या पाहण्यात आहेत.

"बूट करण्यासारखं साधन नाही" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं, तर आधी विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह काढायचा. मग बायोसमध्ये डिस्क दिसते का ते बघायचं. दिसत नसेल तर ती काढून पुन्हा बसवायची. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र थांबायचं. ती मरणपंथाला लागली आहे, दर वेळी चालू केल्याने आणखी खराब होईल. आता एकच काम, जे हाती लागेल ते दुसरीकडे उतरवून घेणं. मोल नसलेली माहिती असेल तर आपण करावं, एखाद्या खटल्याचा एकमेव पुरावा असेल तर चालू न करता ज्ञात आणि लेखी हमी देणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावं.

विंडोजचं चिन्ह येतं आणि रिंगण फिरत राहतं, तेव्हा बिघाड बहुतेक वेळा आज्ञावलीत असतो, बरेचदा अर्धवट राहिलेल्या अपडेटमध्ये. टक्केवारीचा आकडा दिसत असेल तर तास-दोन तास हात लावायचा नाही. सुरुवात लागोपाठ दोन-तीनदा फसली की विंडोज आपणच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथे स्टार्टअप रिपेअर, शेवटचं अपडेट काढून टाकणं, सेफ मोड, या क्रमाने जायचं. "रिसेट"पाशी मात्र सावध. त्यात "माझ्या फाइली ठेवा" आणि "सगळं काढा" असे दोन रस्ते असतात. दुकानात विचार न करता सर्रास दुसरा निवडला जातो. आमच्या केंद्राचा एक लॅपटॉप असाच "एकदम नवा करून" परत आला होता. दोन वर्षांच्या समुपदेशनाच्या नोंदी गेल्या. आम्हाला विचारलंही नव्हतं.

याहून चांगला रस्ता आहे. लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. डिस्क शाबूत असेल आणि सांकेतिक केलेली नसेल तर विंडोजला हात न लावता सगळ्या फाइली दिसतात, उतरवून घेता येतात. असा एक पेन ड्राइव्ह प्रत्येक ऑफिसच्या खणात असावा, प्रथमोपचार पेटीसारखा.

पण यातच एक इशारा दडलेला आहे. आपण पासवर्डशिवाय फाइली उतरवू शकलो, तर इतर कुणीही उतरवू शकेल. विंडोजचा पासवर्ड म्हणजे दाराची नुसती कडी. खरं कुलूप म्हणजे संपूर्ण डिस्क सांकेतिक करणं. विंडोजमध्ये त्यासाठी बिटलॉकर आहे, आणि व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. बिटलॉकरची किल्ली ४८ आकडी असते. सुरुवातीला ज्याच्या ईमेलने लॅपटॉप मांडला त्याच्या खात्यात ती बरेचदा जाऊन बसते, म्हणजे देणगी देणाऱ्या कंपनीतला कुणी, किंवा तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेला समन्वयक. बायोस बदलला किंवा आतला भाग काढला की यंत्र ती किल्ली मागतं, आणि आपल्याच कागदपत्रांपुढे आपण उपऱ्या ठरतो. आजच बघा, तुमच्या संस्थेची किल्ली कुणाकडे आहे? ती कागदावर लिहून संस्थेच्या कपाटात कुलपाखाली ठेवा. आणि मग झाकण उघडा.

जुनं कोण ठरवतं?

आपण शिकलो तरी वाट मोकळी नाही. कंपन्या रॅम आणि साठवण मदरबोर्डलाच डाख देऊन चिकटवू लागल्या आहेत, म्हणजे झाकण उघडूनही काही बदलता येऊ नये. विंडोज १० ची नियमित सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण २०१८ नंतरचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे त्याआधीची कितीतरी धडधाकट यंत्रं त्यात बसत नाहीत. कंपनी म्हणते, नवा घ्या. ज्या संस्थेचं पगाराचं गणित मार्चअखेर जुळत नाही ती कुठून घेणार? मग कंपन्यांची टाकाऊ यंत्रं "सामाजिक बांधिलकी" म्हणून आपल्या दारात येतात. सोबत फोटो काढायला माणूस येतो, दुरुस्तीचा खर्च येत नाही.

आपल्या दारातून पुढे ती कुठे जातात? भंगारात, आणि भंगार वेचणारे हात पुन्हा बायकांचेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगभरात १ कोटी २९ लाख स्त्रिया असंघटित कचरा क्षेत्रात काम करतात, आणि ई-कचऱ्यातल्या विषारी द्रव्यांचा धोका त्यांना, त्यांच्या पोटातल्या बाळांनाही आहे. ई-कचऱ्याबाबत आपल्याकडे २०२२ चे नियम आहेत, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. दुरुस्तीच्या हक्काबद्दल केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. या चर्चेत उत्पादक आहेत, ग्राहक संघटना आहेत. स्त्री संघटना कुठे आहेत? लॅपटॉप पाच वर्षं जास्त चालणं हा कचरा वेचणाऱ्या बाईच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे. म्हणजेच आपला आहे.

"एवढा वेळ कुणाला आहे?"

हा आक्षेप खरा आहे. एका कार्यकर्तीच्या अंगावर कोर्ट, मोर्चा, अहवाल, घरचा स्वयंपाक सगळं असतं. त्यात हे कुठे घालायचं? पण लॅपटॉप दुकानात चार दिवस पडून राहतो तोही वेळ आपलाच जातो, आणि वर पैसे. प्रत्येकीने तंत्रज्ञ व्हायची गरज नाही. एका गटात दोघी तयार असल्या की पुरे. त्या दोघींत एक ऑफिस झाडणारी किंवा वस्तीत काम करणारी मुलगी असावी, असा माझा आग्रह आहे. नाही तर पदवीधर ताईंची नवी मक्तेदारी तयार होईल.

दुसरा आक्षेप, "जास्त बिघडलं तर?" मर्यादा ओळखायलाच हवी. फुगलेल्या बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही, ती लगेच वापरातून काढायची, पेट घेऊ शकते. चार्जरचा डबा फोडायचा नाही. मदरबोर्डवरचं डाखकाम कारागिराकडेच द्यायचं. पण देताना डिस्क काढून आपल्याकडे ठेवायची. रॅम किंवा मदरबोर्ड दुरुस्त करायला तिची गरज नसते. दुकानदार कुरकुरला तर शांतपणे सांगायचं, "यात बायकांच्या केसेस आहेत, देता येणार नाही." डिस्क निघत नसेल तर यंत्र सांकेतिक केलेलं हवं, किंवा आपल्यातली एकजण समोर बसलेली हवी.

तेव्हा या वर्षासाठी माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक सल्ला केंद्राने लेखी नियम करावा, की माहिती असलेली डिस्क कार्यालयाबाहेर जाणार नाही. प्रत्येक शिबिरात, कायद्याच्या सत्रासारखंच, एक सत्र स्क्रू ड्रायव्हरचं असावं, बंद पडलेली यंत्रं टेबलावर ठेवून. डेल, एचपी, लेनोवो यांच्या बऱ्याच मॉडेलांच्या दुरुस्ती-पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत, त्यांचा सोप्या मराठीत सारांश करायला आपल्यातल्या काहीजणींनी बसावं. देणगीदारांना सांगावं, की यंत्र द्याल तर किल्ली आमच्या नावावर करून द्या, सोबत नवी एसएसडी आणि रॅमचा खर्च द्या, नाही तर तुमचं भंगार तुमच्याकडेच राहू द्या. आणि दुरुस्तीच्या हक्काच्या मागणीवर आपल्या संघटनांच्या सह्या असाव्यात.

जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव नसेल तर जमीन आपली नसते, हे आपण गावोगावी बायकांना सांगतो. जे झाकण आपण उघडू शकत नाही, ज्याची किल्ली आपल्याकडे नाही, ते यंत्र तरी आपलं कसं? बाईने आपल्यावर विश्वास टाकून जे सांगितलं ते राखण्याची जबाबदारी आपण घेतलेली आहे. ती दुकानाच्या पावतीवर सोपवता येत नाही.